टोनआर्मला जुळणारे कार्ट्रिज: वजनाचा आणि लोडचा हिशेब

टर्नटेबलसाठी नवे कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग, घेताना बहुतेक जण किंमत आणि सुईचा आकार पाहतात. परंतु ते कार्ट्रिज आपल्या टोनआर्मशी (ते तबकडीवर धरणाऱ्या दांड्याशी) आणि फोनो प्रीअँपशी (त्याचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्राशी) जुळते का, हे आधी पाहिले पाहिजे, कारण न जुळणारे महागडे कार्ट्रिज जुळणाऱ्या साध्या कार्ट्रिजपेक्षा वाईट वाजते.

सुईचा कँटिलिव्हर, म्हणजे सुई जिच्या टोकाला असते ती बारीक दांडी, रबरी आधारावर स्प्रिंगसारखा लवतो आणि त्या स्प्रिंगवर आर्मचे परिणामी वस्तुमान, म्हणजे आर्म हलताना सुईला जाणवणारे वस्तुमान, झुलत असते. या जोडीची अनुनादी वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेला ती सर्वाधिक झुलते ती, साधारण 8 ते 12 हर्ट्झच्या दरम्यान असावी. ती फार खाली गेली, तर वाकलेल्या तबकडीचे चढउतार तिला डिवचतात. फार वर गेली, तर संगीतातील खर्जाला तिचा उपद्रव होतो. माळ्यावर अनेक उन्हाळे काढलेली तबकडी लावून वूफरकडे निरखून पाहावे: गाणे सुरू होण्यापूर्वीच पडदा सावकाश आत-बाहेर होत असेल, तर अनुनाद बहुधा फार खाली आहे.

हिशेब सोपा आहे. आर्मचे परिणामी वस्तुमान, कार्ट्रिजचे वजन आणि स्क्रूंचे वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करावी, तिला कार्ट्रिजच्या लवचिकतेच्या (कँटिलिव्हर किती सहज लवतो त्याच्या) मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटनमधील आकड्याने गुणावे आणि गुणाकाराच्या वर्गमूळाने 159 ला भागावे. टेक्निक्स एसएल-1200 एमके2 च्या आर्मचे परिणामी वस्तुमान 12 ग्रॅम आहे, त्यावर 7.2 ग्रॅम वजनाचे, 20 लवचिकतेचे ऑर्टोफॉन 2एम रेड बसवले आणि स्क्रूंचा सुमारे एक ग्रॅम धरला, तर उत्तर जवळजवळ 8 हर्ट्झ येते. जोडी चालते, पण खालच्या काठावर. त्यामुळे जड हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा भाग) येथे टाळावे.

येथे एक खाचखळगा आहे आणि त्यात पुष्कळ जण अडखळतात. जपानी उत्पादक लवचिकता बहुधा 100 हर्ट्झला मोजून देतात, तर सूत्राला 10 हर्ट्झचा आकडा लागतो, जो अंदाजे दीड ते दोन पट असतो. एनएचके या प्रसारण संस्थेसाठी 1960च्या दशकात घडवलेल्या डेनॉन डीएल-103 चे वजन 8.5 ग्रॅम आणि छापील लवचिकता 5 आहे. तोच आकडा घातला, तर टेक्निक्सच्या त्याच आर्मवर 15 हर्ट्झ येतात आणि जोडी बाद ठरते. 10 हर्ट्झचा आकडा म्हणून 9 धरला, तर सुमारे 11 हर्ट्झ येतात. तरीही या ताठ कार्ट्रिजला जड आर्म अधिक मानवतो, असे माझे मत आहे.

आता विजेची बाजू. 2एम रेडसारख्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (ज्यात सुईबरोबर चुंबक हलतो) प्रीअँपकडून 47 किलोओहम हा ठरलेला रोध, म्हणजे लोड, मिळतो. खरी काळजी धारकतेची (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेची, म्हणजे कपॅसिटन्सची) घ्यावी. आर्ममधील तारा, केबल आणि प्रीअँपचे इनपुट या तिन्हींची धारकता एकमेकींत मिळवली जाते. 2एम रेडसाठी 150 ते 300 पिकोफॅरड सांगितले आहेत. त्याच्या 700 मिलिहेन्रीच्या गुंडाळीचा विद्युत अनुनाद 250 पिकोफॅरडला 12 किलोहर्ट्झच्या आसपास असतो, पण 450 ला तो 9 वर उतरतो. मग ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू लागतात, आणि त्यापुढचे सूक्ष्म नाद मात्र मावळतात. यावर उपाय म्हणजे केबल आखूड, कमी धारकतेची घ्यावी आणि प्रीअँपवर स्विच असल्यास सर्वांत कमी मूल्यापासून सुरुवात करावी.

डीएल-103 सारख्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमध्ये (ज्यात चुंबकाऐवजी गुंडाळी हलते) गुंडाळी लहान असल्याने धारकतेचा प्रश्न बहुतांशी उरत नाही. तेथे रोध पाहावा. तो कार्ट्रिजच्या अंतर्गत रोधाच्या दहापट असावा, हा चांगला प्रारंभबिंदू आहे: डीएल-103 च्या 40 ओहमसाठी सुमारे 400. एकास दहा गुणोत्तराचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (कार्ट्रिजचा व्होल्टेज वाढवणारा) 47 किलोओहमच्या इनपुटला जोडल्यास कार्ट्रिजला आपोआप 470 ओहम दिसतात, कारण रोध गुणोत्तराच्या वर्गाने भागला जातो. तेथून वर-खाली करताना ओळखीच्या आवाजाची एकच तबकडी लावावी आणि दर बदलानंतर तोच तुकडा पुन्हा ऐकावा.