मेंढीचं वर्ष पाठीवर हात ठेवून मोजायचं

लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, मला पहिली गोष्ट शिकवली ती मेंढीची पाठ चाचपायची. "पोरी, डोळ्यानं बघू नको, हातानं बघ. लोकर खोटं बोलती." तेव्हा आमचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी आमची माणसं, दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून कृष्णाकाठाला जायचा. आता पोरांच्या शाळेमुळं आम्ही जत तालुक्यात, माडग्याळच्या जवळच एका जागी राहतो. ४२ मेंढ्या आहेत, काही माडग्याळी, काही दख्खनी. चरायला नेतो आणि संध्याकाळी वाडग्यात, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या कुंपणात, गरजेपुरता खुराक देतो. हे 'गरजेपुरता' चुकलं की वर्ष चुकतं.

वर्षभर रोज मूठमूठ पेंड टाकणारे लोक मी बघते. पैसे तेवढेच जातात, पण मेंढीला हवी तेव्हा कमी पडते आणि नको तेव्हा अंगावर चरबी चढते. खुराक द्यायच्या वेळा तीनच: मेंढा सोडण्याआधी, व्यायच्या आधीचे दीड महिने आणि व्यायल्यावरचे दोन महिने. बाकीच्या दिवसांत चांगलं चरणं, कडबा-भुसकट, मीठ आणि पाणी पुरतं.

पाठ कशी बघायची ते आधी सांगते. शेवटच्या बरगडीच्या मागं, कंबरेवर बोटं ठेवून मणक्यावर दाबायचं. मग स्वतःची मूठ आवळून बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवायचं. मणका तसा टोचत असेल तर मेंढी रोडावलेली. मूठ सोडून हात सरळ धरा आणि हाताच्या मागच्या बाजूवर बोट फिरवा. हाड कळतं पण टोचत नाही, अशी पाठ बरोबर. अंगठ्याखालच्या गादीसारखी मऊ लागली तर ती लठ्ठ, तिला खुराक बंद. मी दर पौर्णिमेला ४२ पाठी बघते आणि रोड निघेल तिच्या कानाजवळ रंगाचा ठिपका देते. तासाभराचं काम आहे.

आमचं वर्ष ज्येष्ठात सुरू होतं. मेंढी साधारण पाच महिने गाभण राहते, १४७ ते १५० दिवस. आषाढाच्या सुरुवातीला फळली तर मार्गशीर्षात व्यायते. तेव्हा खरिपाची रानं मोकळी झालेली असतात, तुरीचा पाला पडलेला असतो आणि चिखल नसतो. म्हणून आधी व्यायचा महिना ठरवायचा आणि तिथून मागं मोजत यायचं.

मेंढा सोडण्याच्या तीन आठवडे आधी मेंढीमागं रोज २०० ते २५० ग्रॅम मक्याचा भरडा. त्यानं माज वेळेवर येतो आणि जुळ्यांची शक्यता वाढते. जिथं मृगाचा पाऊस होतो तिथं कोवळं गवतच हे काम करतं. आमच्या जतला पाऊस खरा पडतो तो परतीचा, म्हणून भरडा विकत घ्यावा लागतो. ४२ मेंढ्यांना २१ दिवसांत पावणेदोन ते सव्वादोन क्विंटल लागतो. परवडत नसेल तर फक्त ठिपकेवाल्यांना द्या. लठ्ठ मेंढीला देऊन काही उपयोग नाही.

मेंढ्याला मात्र दोन महिने आधीपासून सांभाळायचं, कारण त्याचं वीर्य तयार व्हायलाच तेवढा काळ लागतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो सावलीविना राहिला तर आषाढात भोगावं लागतं. २५ मेंढ्यांना एक धडधाकट मेंढा पुरतो. एरवी तो कळपातच असेल तर पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधून ठेवा, नाहीतर व्यायचा महिना तुमच्या हातात राहत नाही.

सोडताना मेंढ्याच्या छातीला गेरू आणि तेल कालवून फासायचं. ज्या मेंढीवर तो चढेल तिच्या ढुंगणावर तांबडा डाग पडतो. डाग दिसला की वहीत तारीख लिहायची. सतरा दिवसांनी गेरू बंद करून काजळी लावायची, कारण मेंढीचा माज साधारण सतरा दिवसांनी फिरून येतो. दुसऱ्या फेरीत एखाद-दुसरी काळी झाली तर काळजी नाही. निम्मा कळप काळा झाला तर दोष मेंढ्यात आहे, त्याच दिवशी दुसरा आणा. पस्तीस-चाळीस दिवसांनी मेंढा बाजूला काढायचा. डागांची वही असल्यामुळं मार्गशीर्षात कोणती कधी व्यायणार हे मला चार दिवसांच्या फरकानं माहीत असतं.

मधले तीन महिने शांत असतात. अंग टिकवायचं, वाढवायचं नाही. औषधं मात्र चुकवू नका. आंत्रविषार आणि घटसर्पाची लस पावसाआधी. आंत्रविषाराची पुन्हा एकदा व्यायच्या महिनाभर आधी, म्हणजे चिकातून कोकरालाही संरक्षण मिळतं. जंताचं औषध डोळा बघून द्या. खालची पापणी ओढली की आतला भाग लाल दिसला पाहिजे, पांढुरका दिसला तर रक्त पिणारे जंत आहेत. नक्की करायचं असेल तर लेंड्या डबीत घालून दवाखान्यात न्यायच्या. आणि फळल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको, गर्भात व्यंग येऊ शकतं.

आता शेवटचे दीड महिने. गर्भाची बहुतेक वाढ याच काळात होते आणि पोटातली जागा मात्र कमी होत जाते. मेंढीची भूक असते, पण कडबा मावत नाही. परतीच्या पावसाचं हिरवं गवत बघून माणूस फसतो. ते पाण्यानं भरलेलं असतं, अंगी लागत नाही. म्हणून थोडक्यात ताकद देणारा खुराक लागतो. माझं दहा किलोचं मिश्रण असं: मक्याचा भरडा पाच किलो, शेंगदाणा किंवा सरकी पेंड अडीच किलो, गव्हाचा कोंडा सव्वादोन किलो, खनिज मिश्रण दीडशे ग्रॅम, मीठ शंभर ग्रॅम. खनिज मिश्रण मेंढ्यांचंच घ्या. गाईम्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं आणि ते मेंढीच्या यकृतात साठून विष होतं. मेंढीमागं रोज २५० ग्रॅमपासून सुरू करून ३०० पर्यंत जायचं. जुळी असतील असं वाटलं तर ४००, तेही सकाळ-संध्याकाळ वाटून.

जुळ्यांचं कारण सांगते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. आम्ही त्या रक्ताचा एक मेंढा आणला आणि त्याच्या लेकींना जुळी व्हायला लागली. आनंद झाला, पण खुराक मी जुन्याच मापानं दिला. एक मेंढी पोटानं ढोल दिसत होती, लोकरही दाट होती. मी म्हटलं, हिला काय कमी आहे? पाठ चाचपली नाही. व्यायला सहा दिवस राहिले असताना ती कळपापासून वेगळी उभी राहायला लागली, भिंतीला डोकं टेकवून. दात करकर खायची. तोंडाला गोडसर वास येत होता. डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला होता. पोटात दोन कोकरं होती. पोटातली पोरं वाढतात, आईला बाहेरून पुरेसं मिळत नाही, मग ती स्वतःची चरबी जाळते आणि त्याचंच विष होतं. अशी खूण दिसली की त्याच तासाला डॉक्टरांना बोलवा. ते येईपर्यंत गिळत असेल तर गुळाचं पाणी थोडंथोडं पाजा.

व्यायच्या वेळी शक्यतो लांबून बघायचं. पाणमोट फुटून तासभर जोर देऊनही काही पुढं येत नसेल तरच हात घालायचा, तोही जाणत्या माणसानं. कोकरू पडलं की नाक-तोंड पुसायचं, बाकीचं आई चाटते. नाळ दोऱ्यानं बांधून कापायची आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. सड पिळून आधी बूच निघालंय का बघायचं आणि अर्ध्या तासात चीक पाजायचा. कोकरू अडीच-तीन किलोचं असेल तर पहिल्या दिवसभरात पाव किलोच्या पुढं चीक पोटात गेला पाहिजे. आईनं नाकारलं तर त्याच्या अंगाला मीठ चोळून तिच्यापुढं धरा, बहुतेक वेळा चाटता चाटता घेते. रात्री थंडीत कोकरं डालग्याखाली.

व्यायलेल्या मेंढीला तोच खुराक दोन महिने, एकाची आई ३००, जुळ्यांची ४०० ते ५०० ग्रॅम. पाणी समोर पाहिजेच, नाहीतर दूध आटतं. या दिवसांत चरायला नेताना दोन धोके. मक्याच्या रानात सांडलेले दाणे पोटभर खाल्ले की पोट आंबतं, म्हणून आधी कडबा घालून न्या. दुसरा ज्वारीचा खोडवा. कापलेल्या ताटाला फुटलेले गुडघ्याच्या खालचे कोंब खाल्ले की किरळ लागते, म्हणजे त्या कोंबांतलं विष बाधतं, मेंढी उभ्या जागी पडते. शेतमालक चांगल्या मनानं म्हणतो, "बसवा की मेंढ्या," पण आधी मी स्वतः बांधावरून फिरून येते.

कोकरं पंधरा दिवसांची झाली की आया पोचणार नाहीत अशा आडोशात भरडा आणि कोवळा पाला ठेवायचा. सुबाभूळ, शेवरी आवडीनं खातात. तीन महिन्यांनी दूध तोडायचं. तोवर आईचा खुराक बंद झालेला असतो, म्हणून कास दगडासारखी होत नाही. नर कोकरं मी आटपाडीच्या बाजारात नेते, पण सगळी एकदम नाही. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते, ती तारीख बघून चांगले चार-पाच मागं ठेवते. मादी कोकरांत जुळ्यांच्या आईची लेक कधी विकत नाही.

लोकर आम्ही पावसाच्या आधी आणि पाऊस सरल्यावर कातरतो, दख्खनींचीच, माडग्याळीला कातरण्याजोगी नसते. जड गाभण मेंढीला तेव्हा आडवी पाडत नाही. भाव विचारू नका, कातरणाऱ्याची मजुरी निघाली तरी पुष्कळ. घरच्या दोन घोंगड्यांपुरती ठेवते.

मामांना आता दिसत नाही. पण पौर्णिमेला वाडग्याच्या तोंडाशी बसतात आणि एकेक मेंढी पुढं ढकलली की पाठीवर हात फिरवून सांगतात, "हिला घाल." मी ठिपका देते.