तुर्की प्रयोजकात आपला ‘ला’ दगा देतो
विभक्तिप्रत्यय पाठ आहेत, स्वरमेळ (प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वराशी जुळवणं) तोंडात बसलाय, तरी प्रयोजक क्रियापद (दुसऱ्याला करायला लावणारं, ‘झोपणं’चं ‘झोपवणं’) आलं की वाक्य कोसळतं? माझं वर्षभर कोसळत होतं.

प्रयोजकाचे प्रत्यय फार त्रास देत नाहीत. ओकु–ओकुत (वाच–वाचायला लाव), ओतुर–ओतुर्त (बस–बसव) असा ‘त’, बऱ्याच धातूंना ‘दिर’ आणि त्याची भावंडं, आणि इच–इचिर (पी–पाज), गेल–गेतिर (ये–आण) असे काही घोकायचे. होतात पंधरा दिवसांत.

मला आडवं केलं ते आपल्या ‘ला’ने. ‘आईने बाळाला झोपवलं’ आणि ‘आईने बाळाला दूध पाजलं’, मराठीत दोन्हीकडे ‘बाळाला’. तुर्कीत पहिलं ‘आन्ने बेबेई उयुत्तु’, दुसरं ‘आन्ने बेबेये स्यूत इचिर्दी’. एकदा ‘ई’, एकदा ‘ए’. झोपणं अकर्मक, कर्माची जागा रिकामी, म्हणून बाळ तिथे बसतं. पिण्याची जागा दुधाने आधीच अडवलेली, मग बाळ ‘ए’कडे सरकतं. दुधाला प्रत्यय दिसत नाही म्हणून जागा मोकळी समजू नका. मी तीनदा समजले आणि तिन्ही वेळा लाल रेघ. उलट ‘बाळाला बसमध्ये चढवलं’ यात ‘ए’ जातो बसकडे (ओतोब्यूस), बाळासाठी ‘ई’ मोकळाच: ‘बेबेई ओतोब्यूसे बिन्दिर्दिम’.

दुसरा खड्डा ‘कडून’चा. ‘शिंप्याकडून कोट शिवून घेतला’ याला मी परीक्षेत ‘तेर्झिदेन’ लिहिलं, कारण कडून म्हणजे ‘देन’. चूक. कर्माची जागा कोटाने अडवलेली, म्हणून शिंपीही ‘ए’कडेच: ‘तेर्झिये जेकेत दिक्तिर्दिम’. (तेर्झी म्हणजे आपला दर्जीच, दोघेही फारसीतून आलेले.) त्याआधी तर मी मराठी सवयीने ‘कोट शिवला’ म्हणून ‘दिक्तिम’ (मी स्वतः शिवला) म्हणाले होते. बाईंनी कौतुकाने विचारलं, शिवणकाम कुठे शिकलीस?

‘बोलत राहा, आपोआप येईल’ म्हणणाऱ्या सीनियरांचं ऐकू नका. त्यांना आलंय म्हणून सोपं वाटतं. रंगीत तक्तेही भिंतीवरच राहतात. मी शेवटी प्रत्येक वेळी आधी साधं वाक्य लिहायला लागले: बेबेक उयुदु (बाळ झोपलं). बेबेक स्यूत इच्ति (बाळ दूध प्यायलं). कर्म आहे का बघायचं, मगच प्रयोजक करायचा. सुरुवातीला लाज वाटेल इतकं हळू होतं. होऊ द्या.

दुहेरी प्रयोजकाला (प्रयोजकावर आणखी एक प्रयोजक प्रत्यय) मात्र घाबरू नका. ‘दिक्तिर्त’मध्ये (कुणाला तरी सांगून शिवून घेणं) मधला माणूस बहुतेकदा वाक्यात येतच नाही, त्याला लावायचा एक विभक्तिप्रत्यय वाचतो.