ऑटोक्रॉसमध्ये पहिल्यांदा उतरताय? या चुका टाळा

कोल्हापूरला गाड्यांचा नाद आजचा नाही. शहराजवळ गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, उद्यमनगरात हवा तो पार्ट लेथवर करून मिळतो, आणि गाडीतलं कळणारा एकतरी जण प्रत्येक गल्लीत असतो. त्यामुळे ऑटोक्रॉसला उतरायचं ठरलं, की पहिला फोन गॅरेजला जातो. मोठा एअर फिल्टर, एक्झॉस्ट, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं). पैशांची आणि वेळेची सगळ्यात मोठी नासाडी इथंच होते.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर नारंगी प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, लावून आखलेला छोटा, वळणावळणाचा मार्ग. साधारणपणे एका वेळी एकच गाडी सुटते आणि शर्यत घड्याळाशी असते. बहुतेक मार्ग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच संपतो. सरळ पट्टा इतका आखूड असतो की वाढवलेली दहा-पंधरा हॉर्सपॉवर वापरायला जागाच मिळत नाही. उलट इंजिनला हात लावला की गाडी स्टॉक (कंपनीतून आली तशा गाड्यांच्या) गटातून मॉडिफाइड (बदल केलेल्या गाड्यांच्या) गटात जाऊ शकते, आणि तिथं तुमच्यासमोर पूर्ण तयारीच्या गाड्या असतात. पहिल्या हंगामात खर्चाचा क्रम असा ठेवा: हेल्मेट, चांगले टायर, नवं ब्रेक ऑइल आणि पॅड, शॉकअप-बुश-बॉल जॉइंटची दुरुस्ती, अलाइनमेंट. इंजिन शेवटी.

कागद आणि सराव

एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या मान्यतेनं होणाऱ्या स्पर्धेला स्पर्धक परवाना लागतो. आरटीओचं लायसन्स वेगळं आणि हा परवाना वेगळा. प्रत्येक स्पर्धेची स्वतंत्र नियमावलीही असते. ती न वाचता येणारे बरेच असतात आणि मग तपासणीच्या टेबलावरूनच परत जातात. त्यात चार गोष्टी नक्की पाहा: तुमच्या गाडीचा गट, हेल्मेटला कोणता दर्जा चालतो, कोन पडला तर किती सेकंद वाढतात, आणि मार्ग चुकला तर काय होतं. अमेरिकेतल्या एससीसीए या संघटनेच्या सोलो (तिथल्या ऑटोक्रॉस) स्पर्धांत एका कोनाला 2 सेकंद वाढतात. आपल्याकडे आकडा आयोजकांच्या नियमावलीतलाच धरायचा.

दुचाकीचं आयएसआय हेल्मेट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मोटरस्पोर्टसाठीच्या स्नेल एसए किंवा एफआयए दर्जाच्या हेल्मेटचं अस्तर आगरोधक असतं आणि रोल केजच्या (गाडीतल्या संरक्षक पिंजऱ्याच्या) पाइपवर डोकं आपटण्याचा विचार त्यात केलेला असतो. नियमावलीत दुचाकीचं हेल्मेट चालत असेल तरी ते मापाचं, न आपटलेलं आणि पूर्ण चेहरा झाकणारं असू द्या.

विम्याचं तर फार कमी जणांच्या लक्षात येतं. आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत वापराच्या मर्यादांमध्ये संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. मैदानावर गाडी ठोकली तर खर्च खिशातून. ज्या गाडीचा हप्ता चालू आहे आणि जिच्याशिवाय सोमवारी एमआयडीसीत कामावर जाता येणार नाही, ती गाडी घेऊन उतरण्याआधी घरात बोलून घ्या.

आणि सराव पन्हाळ्याच्या रस्त्यावर, जोतिबाच्या घाटात किंवा पहाटे हायवेला करायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगचाचणी केली तर पहिल्या वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षा बाजूला ठेवली तरी समोरून उसाची ट्रॉली येत असते आणि त्या माणसाचा तुमच्या सरावाशी काही संबंध नसतो. शिवाय घाटात ऑटोक्रॉस शिकताच येत नाही. चूक करून बघणं हाच तर सराव, आणि घाटात चुकीला जागा नसते. मालकाच्या परवानगीनं एखादं बंदिस्त मैदान मिळवा, पाच कोन 15-15 मीटरवर लावा आणि नुसता स्लॅलम करा, म्हणजे कोनांच्या मधून नागमोडी गाडी काढा. गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर घालवलेला तासही वाया जात नाही. ओळ (वळणातून गाडी नेण्याची वेगवान वाट) धरणं, नजर पुढं ठेवणं, ब्रेक कुठं सोडायचा हे सगळं तिथं कमी खर्चात कळतं.

माती न वाचणं

आपल्या भागात ऑटोक्रॉस बऱ्याचदा मुरुमाच्या मैदानावर होतं, आणि नवखे सगळ्यात जास्त वेळ इथं गमावतात. रोलर फिरवलेला मुरूम खाली टणक असतो आणि वर बारीक खडीचा थर सुटा असतो. त्या थरावर टायर म्हणजे फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय. पहिल्या काही गाड्यांनी तो थर बाजूला झाडला की मुख्य ओळ साफ होते आणि पकड वाढते, पण झाडलेली खडी ओळीच्या बाहेर साचते. वळणात फूटभर रुंद गेलात की त्या ढिगावर चाक चढतं आणि गाडी सरळ निघून जाते. म्हणून आपला नंबर उशिरा असेल तर आधीच्या गाड्यांनी ओळ कुठं साफ केलीय ते उभं राहून बघा. दुपारनंतर त्याच ओळीत खड्डे पडायला लागतात. तेव्हा ओळ अर्धं चाक आत किंवा बाहेर सरकवावी लागते, नाहीतर इंजिनखालचा ऑइलचा चेंबर घासतो.

टँकरनं पाणी मारल्यावर रंग बघायची सवय लावा. चकाकणारी जागा म्हणजे वर निसरडा पापुद्रा आहे, तिथं ब्रेक लावू नका. रंग गडद पण चमक गेलेली, म्हणजे पाणी आत मुरलंय. दिवसातली सगळ्यात चांगली पकड तिथंच मिळते. फिकट आणि धूळ उडणारी जागा म्हणजे सुटा थर परत आला. एकाच फेरीत तिन्ही प्रकार लागू शकतात, आणि ब्रेकचा बिंदू त्याप्रमाणे मागं-पुढं करावा लागतो.

शिरोळ-हातकणंगलेकडच्या काळ्या मातीत गणित निराळं. ओली काळी माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि दोन वळणांत टायर गुळगुळीत होतो. फेरीच्या आधी रांगेत उभं असताना लाकडी काडीनं खाचा मोकळ्या करा. रिमच्या आत चिकटलेला चिखलही काढा. तो राहिला तर परत जाताना 70-80 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंगला पैसे घालवतात.

हवा

पेट्रोल पंपावर, तेही गाडी चालवत नेऊन, भरलेल्या हवेवर विसंबणं ही ठरलेली चूक. टायर गरम झाला की दाब वाढतो, ढोबळमानानं दर साडेपाच अंश सेल्सिअसला 1 पीएसआय. स्वतःचा गेज घ्या आणि टायर थंड असताना मोजा.

डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेवर, पुढची चाकं ओढणाऱ्या हॅचबॅकला कंपनीच्या आकड्यापेक्षा पुढं 4 ते 6 आणि मागं 2 पीएसआय जास्त ठेवून सुरुवात करा. टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. कारण असं: पुढच्या टायरवर इंजिनचं वजन, वळण आणि ब्रेक असं सगळंच येतं. हवा कमी असली की टायरची भिंत दुमडते आणि खाचांच्या पट्ट्याऐवजी टायरचा खांदा (कडेचा भाग) जमिनीला घासतो. टायरच्या कडेला खडूची आडवी रेघ ओढा आणि फेरी मारून या. अनेक टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो, त्याच्या टोकापर्यंत खडू पुसला गेला पाहिजे. त्रिकोणाच्या खाली गेला तर 2 पीएसआय वाढवा, टोकापर्यंत पोचलाच नाही तर 2 कमी करा.

मुरुमावर कंपनीचा आकडाच बरा. मऊ टायर पकड देतो असं ऐकून 20-22 वर उतरलात, तर दगडावर रिम वाकते किंवा आडव्या घसरणीत टायर रिमवरून सुटतो.

ब्रेक

बहुतेक प्रवासी गाड्यांत डॉट 3 किंवा डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल असतं. नवं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल शोषली की ही हद्द 155 पर्यंत खाली येऊ शकते. तीन वर्षं न बदललेलं ऑइल शहरात कधी त्रास देत नाही. सलग तीन फेऱ्यांनंतर मात्र ते उकळू शकतं, वाफेचा बुडबुडा होतो आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. स्पर्धेच्या आठवडाभर आधी सीलबंद डब्यातलं डॉट 4 भरून चारी चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या. डॉट 5 वेगळंच, सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

फेरी संपवून आल्यावर हॅन्डब्रेक ओढून गाडी उभी करू नका. तापलेलं लायनर ड्रमला चिकटू शकतं. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा.

एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सुट्या मातीवर एबीएसनं थांबायला अंतर जास्त लागतं हे खरं, पण त्यावर उपाय म्हणजे ब्रेक थोडा आधी लावणं. फ्यूज काढला की अनेक गाड्यांत पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणीही बंद पडते, मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गिरकी घेते.

तपासणीत अडकवणाऱ्या बारीक गोष्टी

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढा. ते पेडलखाली सरकतं. जॅक, पाना, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरची मूर्ती सगळं बाहेर. स्टेपनी एकतर काढा, नाहीतर बोल्टनं घट्ट बसवा. बॅटरी हातानं हलवून पाहा, हलली तर क्लॅम्प नाही. टो हुक (गाडी ओढून नेण्याचा हुक) आधीच लावून ठेवा.

चाकाचे नट टॉर्क पान्यानं आवळा. लहान हॅचबॅकला साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. पान्यावर उभं राहून किंवा एअर गननं आवळले की स्टड ताणला जातो, आणि ताणलेला स्टड भर वळणात तुटतो. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

पेट्रोल पाव ते एक तृतीयांश टाकी. त्याहून कमी असलं तर लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन गचका देतं. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेजवळ असावं, खुणेच्या वर नको.

चालवताना

बसण्यापासून सुरुवात करा. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे आणि क्लच पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. बेल्ट घट्ट करायला सीट दोन खाचा मागं घ्या, बेल्ट लावून झटक्यानं ओढून लॉक करा आणि तसाच सीट पुढं सरकवा. सीट खटकन बसली का ते अंग हलवून बघा.

मार्ग पायी तीनदा चाला. पहिल्यांदा नुसतं पाठ करायला, दुसऱ्यांदा ब्रेकच्या जागा ठरवायला, तिसऱ्यांदा एकट्यानं, गप्पा न मारता. मधेमधे खाली वाकून सीटवरून दिसेल त्या उंचीवरून बघा. उभ्यानं सरळ दिसणारी वाट बसल्यावर कोनांची भिंत होते. शेवटी डोळे मिटून सगळी वळणं क्रमानं सांगता आली नाहीत, तर अजून एकदा चाला.

नजर समोरच्या कोनावर खिळली की गाडी तिकडंच जाते. एका कोनाला वळता वळता डोळे पुढच्या कोनावर पाहिजेत. स्लॅलममध्ये कोनापाशी पोचून स्टिअरिंग फिरवलं तर प्रत्येक कोनाला थोडा उशीर होतो आणि चौथ्या कोनापाशी जागाच उरत नाही. फिरवायला आधी सुरुवात करा. पहिल्या कोनात वेग थोडा कमी ठेवला तर पूर्ण ओळ सापडते.

गाडी नाक बाहेर टाकायला लागली की नवखा माणूस स्टिअरिंग अजून फिरवतो. पुढचे टायर आधीच घसरतायत, जास्त फिरवून पकड येत नाही. अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडा, स्टिअरिंग किंचित सरळ करा, पकड आली की परत वळवा. शेपूट निसटलं तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका. वजन पुढं येतं आणि शेपूट अजून सुटतं. जिकडं जायचंय तिकडं स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटरवर हलका जोर.

हॅन्डब्रेक फक्त अगदी तंग वळणाला, तेही क्लच दाबून, बटण दाबलेलं ठेवून, आधी स्टिअरिंग फिरवून. रुंद वळणाला हॅन्डब्रेक मारलेली फेरी दिसायला भारी असते, घड्याळावर हळू असते.

फेरीनंतर असं झालं तर

वळताना टकटक आवाज येत असेल तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे शोधा. ते दिसले तर एक्सलचा बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलाय. आवाज सुरू व्हायच्या आधी सापडलं तर बूट बदलून भागतं, टकटक सुरू झाली म्हणजे बहुधा जॉइंटही झिजलाय.

स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी चारी टायरची हवा बघा. ती बरोबर असेल तर टाय रॉड वाकलाय का ते बघा. वाकला असेल तर अलाइनमेंटवर पैसे घालू नका, रॉड बदला.

रांगेत उभं असताना टेंपरेचरचा काटा चढला तर बॉनेट उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात चालू करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. मुरुमाच्या मैदानावर रेडिएटरच्या जाळीत माती बसलेली असते. इंजिन थंड झाल्यावर हलक्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला की पात्या आडव्या होतात.

परतीच्या आधी हवा रोजच्या आकड्यावर आणा, नट पुन्हा तपासा, ब्रेकचं पेडल दाबून बघा, काढून ठेवलेली स्टेपनी आणि जॅक आठवणीनं गाडीत टाका. घरी आल्यावर एअर फिल्टर काढून टॉर्चच्या उजेडात धरा. उजेड पलीकडं दिसत नसेल तर झटकत बसू नका, नवा घाला.