घरातल्या पोरांना घोड्याचा नाद लावायचाय? मग आधी खाली उभं राहायला शिकवा

आमच्याकडे आबांपासून घोडी आहेत, म्हणजे आबा, मग बापू, मग मी, आणि आता माझी नऊ वर्षांची पोरगी जी शाळेतून आली की दप्तर ओट्यावर फेकून थेट तबेल्यात. त्यामुळे ओळखीतले लोक विचारतात की आमच्याही पोराला शिकवायचंय, सुरुवात कशी करू. बहुतेकांच्या डोक्यात सुरुवात म्हणजे खोगीर टाकलं, पोराला वर बसवलं आणि फोटो काढला. आमच्या घरात सुरुवात लीद उचलण्यापासून होते, आणि पहिले दोन-तीन महिने तेवढंच.

पहिली गोष्ट, जवळ जायचं कसं. घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि बरोब्बर शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून डाव्या खांद्याच्या बाजूने, तोंडाने आवाज देत जायचं आणि पहिला हात मानेवर ठेवायचा, तोंडावर नाही. मागून जायचंच असेल तर एकतर अंगाला चिकटून पाठीवरून हात फिरवत जा नाहीतर चांगलं दहा फूट लांबून, मधल्या अंतरातच लाथ पूर्ण जोरात बसते. आणि म्होरकीची, म्हणजे घोड्याच्या तोंडावर बांधतात तिची, दोरी हाताला गुंडाळायची नाही म्हणजे नाही. घोडं बिचकून पळालं तर दोरी सोडता आली पाहिजे, गुंडाळलेली असेल तर बोटं जातात.

मग खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं. रोज, दोन्ही बाजूंनी, आधी मान मग पाठ मग पाय. पोरांना कंटाळा येतो पण खरारा करतानाच कुठे सूज आहे, कुठे खोगिराने सोललंय, कुठे हात लावल्यावर घोडी कान मागे टाकते हे कळतं. त्यानंतर चारही खूर उचलून आकड्याने साफ करायचे. तळव्याला मधे तो त्रिकोणी मऊ भाग असतो तिथे काळं पाणी आणि घाण वास आला की समजा पागा ओली राहतेय. खूर महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नालबंद बोलवायचाच, नाल अजून शाबूत दिसतेय म्हणून पुढे ढकलायचं नाही. आणि धनुर्वाताची लस घोड्याला चुकवू नका, खिळ्याच्या एवढ्याशा जखमेनेसुद्धा घोडं जातं.

खाण्याचं मात्र पोरांच्या हातात एकदम देऊ नका. घोड्याला उलटी होत नाही, जे आत गेलं ते गेलं, आणि पोट अंगाच्या मानाने लहान. म्हणून थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सहा-सात किलो सुका चारा लागतो, पाणी पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि चंदी म्हणजे भिजवलेला हरभरा, जव वगैरे कामाप्रमाणे, उभ्या घोड्याला चंदी वाढवली तर ती अंगात येते आणि मग पोरगं खाली येतं. बुरशी आलेला कडबा आणि कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. घोडं पोटाकडे वळून बघतंय, पायाने माती उकरतंय, सारखं लोळतंय, लीद नाही, तर चारा काढून घ्या आणि लगेच डॉक्टरला फोन. आबांच्या काळात बाटलीने तेल पाजायचे, बापूंनी ते बंद केलं कारण तेल फुप्फुसात गेलं की पोटशूळ परवडला असं होतं.

आता बसणं. वय विचाराल तर चार-पाचव्या वर्षापासून दोरी धरून फिरवा, पण स्वतः लगाम धरायला सात-आठ वर्षं तरी होऊ द्या. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, फेटा लग्नात बांधा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडी पोट फुगवते हे मला दहाव्या वर्षी कळलं, मी एकदाच आवळून ऐटीत रिकिबीत पाय टाकला आणि खोगीर मला घेऊन फिरून पोटाखाली, बापू हसत होते, घोडी उभी राहिली म्हणून वाचलो. तर आवळा, दहा पावलं चालवा, परत आवळा, मगच चढा. पायाचा फक्त चवडा रिकिबीत, टाच खाली. सुरुवातीला रिकिबी काढून दोरीवर गोल गोल फिरवा, मांड त्यानेच पक्की होते. दुडकीत पोरगं लगामाला लटकायला लागलं की लगाम काढून घ्या आणि आयाळ धरायला सांगा. तोंड पोराचं दुखत नाही, घोडीचं दुखतं.

आवाजाची सवय हा वेगळा विषय. माऊलींच्या पालखीचे घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांकडून पिढ्यान्‌पिढ्या येतात, पार अंकलीहून आळंदीपर्यंत चालत. रिंगणात एकावर स्वार असतो, दुसरा माऊलींचा म्हणून मोकळा, आणि लाखभर माणसांत टाळ-मृदंग चालू असताना दोन्ही सरळ पळतात. मी पोरीला तेच दाखवायला नेलं होतं. घरी आम्ही लांबून थाळी वाजवतो, घोडी खात राहिली की दोन पावलं जवळ, बिचकली की परत मागे. याला महिने लागतात, आणि पोरांना धीर शिकवायला याहून चांगलं काही मला माहीत नाही.

घरी घोडं नसेल आणि घ्यायचंच असेल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याला या, तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. लोक तिथे पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का, केसांचे भोवरे कुठे कुठे आहेत यावर तास घालवतात आणि पाय कोणी बघत नाही. भोवरे आबाही बघायचे, पण आधी दात. मधले दुधाचे दात अडीचच्या आसपास पडतात, त्याच्या बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला, म्हणजे पाच वर्षांत तोंड पूर्ण. मग कडक जमिनीवर दुडकीत चालवून घ्या, डोकं वरखाली झटकत असेल तर लंगडतंय. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा कागद मागा, तो माणसालाही होतो. आणि पोरासाठी शिंगरू घेऊ नका, दोघंही अडाणी, कोण कोणाला शिकवणार. बारा-पंधरा वर्षांची शांत घोडी घ्या, दिसायला साधी चालेल.

आणि घेतलीत तर रोज बाहेर काढा. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे पाऊस असो परीक्षा असो, अर्धा तास हातात धरून का होईना फिरवायचीच, आणि त्या अर्ध्या तासाचं काम सध्या पोरीकडे आहे. परवा ताप होता तर आजोबांना खिडकीतून ओरडून सांगत होती, बापू, डाव्या बाजूने जा.