जावास्क्रिप्टमध्ये मराठी शब्द उलटा करताना काना-वेलांटी सांभाळा

स्ट्रिंग म्हणजे कोडमधला मजकूर, ती उलटी करायला सगळे एकच सांगतात, स्प्लिट (तुकडे) करा, रिव्हर्स (उलट क्रम) करा, जॉइन करून परत जोडा, झालं. इंग्रजीला चालतं हे. पण त्यात ‘मराठी’ टाकून बघा, येतं ‘ीठारम’, म्हणजे ‘ठ’ची वेलांटी सुटून पुढे एकटीच लटकते आणि ‘र’चा काना ‘ठ’ला जाऊन चिकटतो. आपल्याला हवंय ‘ठीराम’.

आपण तीन अक्षरं वाचतो पण लेंग्थ विचारली तर ५ येते, म, र, काना, ठ, वेलांटी असं सगळं सुटं मोजलं जातं. बरेच जण म्हणतात स्प्लिटऐवजी तीन टिंबांचा स्प्रेड वापरा, तो इमोजीला बरा कारण स्प्लिट इमोजीचे दोन तुकडे करतं, पण काना-वेलांटीसाठी त्याचा काहीच उपयोग नाही.

वापरायचं ते इंटल डॉट सेगमेंटर, म्हणजे मजकुराचे अक्षरांप्रमाणे तुकडे करणारं जावास्क्रिप्टचं साधन. ब्राउझरमध्येच असतं, लायब्ररी नको, फक्त फायरफॉक्समध्ये उशिरा म्हणजे २०२४ ला आलं. न्यू लावून बनवा, लोकेल म्हणजे भाषेचा कोड एमआर (मराठी) द्या, ग्रॅन्युलॅरिटी म्हणजे तुकड्याचं माप ग्राफीम, म्हणजे काना-वेलांटीसकट एक अक्षर (नाही दिली तरी डिफॉल्ट तीच आहे). मग त्याच्या सेगमेंट फंक्शनला शब्द द्या, परत येतं ते ॲरे (यादी) नसतं म्हणून ॲरे डॉट फ्रॉममध्ये घाला, आणि इथेच बरेच जण अडकतात, प्रत्येक तुकडा ऑब्जेक्ट असतो, अक्षर त्याच्या सेगमेंट नावाच्या प्रॉपर्टीत असतं, ते काढून घ्यायचं. पुढे रिव्हर्स, आणि जॉइनला रिकामी स्ट्रिंग द्या नाहीतर मधे स्वल्पविराम येतात.

जोडाक्षर मात्र नक्की तपासा. ‘लक्ष्मी’चं ‘क्ष्मील’ व्हायला हवं, पण जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या मानकात, २०२३ ला १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरवर ‘मीष्क्ल’ मिळू शकतं.

टेस्टला आपल्या लहानपणीची, उलटी वाचली तरी तीच राहणारी वाक्यं मस्त आहेत, ‘रामाला भाला मारा’ घ्या, स्पेस काढा, उलटं करून मूळ वाक्याशी जुळवा. सेगमेंटरने ट्रू येतं, साध्या स्प्लिटने फॉल्स, कारण उलटं केल्यावर सुरुवातच कान्याने होते. ‘ती होडी जाडी होती’ पण बरोबर जुळतं. ‘भाऊ तळ्यात उभा’ मात्र फॉल्स येईल, तिथे कोड चुकलेला नाही, एकीकडे दीर्घ ऊ आहे आणि दुसरीकडे ऱ्हस्व उ. मुलांसाठी शब्दखेळ बनवत असाल तर जुळवायच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ एकच करून घ्या, म्हणजे ‘चिमा काय कामाची’ पण पास होईल.