सोलापूरहून त्रिनिदादला जायचं असेल तर

सगळ्यात आधी यलो फिव्हरची लस, तिकीट हॉटेल सगळं त्याच्यानंतर. हे मुद्दाम पहिल्या ओळीत लिहितेय कारण आमच्या एजंटने हे सांगितलंच नव्हतं, निघायला तीन आठवडे राहिले होते आणि दिरांशी फोनवर बोलताना सहज विषय निघाला म्हणून कळलं. जाताना कुणी अडवत नाही, खरी अडचण परत येताना आहे. आपलं सरकार त्रिनिदादला यलो फिव्हरच्या यादीत धरतं, तिथून आलेल्या माणसाकडे लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसलं तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यायची, तीही सरकारमान्य सेंटरवरच, नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. आम्ही मुंबईला जाऊन घेतली. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल किंवा कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी नीट बोलून मगच घ्या. सासूबाई ६८ च्या, त्यांना सगळं तपासून, विचारून मग दिली.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर तिकडे ९० दिवसांपर्यंत फिरायला व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढण्याआधी त्यांच्या हाय कमिशनकडून एकदा खात्री करून घ्या, नियम बदलत असतात. पण लोक फसतात ते मधल्या थांब्यावर. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, विमानतळाबाहेर पडा किंवा पडू नका. आमच्याकडे तो आधीच होता म्हणून न्यूयॉर्कवरून गेलो, तिथून पुढे पाचेक तास. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री सोलापूर सोडलं तेव्हापासून पोर्ट ऑफ स्पेनच्या पिआर्को विमानतळावर उतरेपर्यंत दोन दिवस गेले असं धरून चाला, म्हातारं माणूस सोबत असेल तर मध्ये एक मुक्काम करा, पैसे वाचवू नका तिथे. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे.

देश छोटा आहे, वेस्ट इंडिजमधला. त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन्ही बेटं मिळून साधारण ५,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याचा तिसरा हिस्सा. त्यामुळे एका ठिकाणी मुक्काम ठोकून सगळीकडे जाऊन येता येतं, रोज हॉटेल बदलायची गरज नाही. आम्ही चगवानासला राहिलो, दीर तिथे नोकरीला आहेत म्हणून, पण तुम्हालाही मी चगवानासच सांगेन, बेटाच्या मध्यावर आहे आणि आपल्या पद्धतीचं खाणं पावलोपावली. जानेवारी ते मे कोरडा हंगाम, जून ते डिसेंबर पाऊस. कार्निव्हल बघायचा असेल तर फेब्रुवारी-मार्च, पण तेव्हा रूमचे भाव कडाडतात. मला विचाराल तर दिवाळीत जा, तिथे दिवाळीला सरकारी सुट्टी असते, बांबू वाकवून त्याच्या कमानींवर ओळीने पणत्या लावतात आणि चगवानासला दिवाळी नगर नावाचा मोठा कार्यक्रम कित्येक वर्षं भरतो. आम्ही मार्चमध्ये गेलो, दिवाळीचं बघायचं राहून गेलं, ते मनात आहे अजून.

विमानतळावरून गाडीत बसलं की खिडकीबाहेर लक्ष ठेवा. घरांपुढे बांबूला लावलेले झेंडे दिसतील, लाल, पिवळे, पांढरे, कुठे एक तर कुठे सात-आठ. सासूबाई म्हणाल्या इथं यात्रा आहे काय गं आज? यात्रा नव्हती, पूजा झाली की अंगणात झेंडा लावायची त्यांची रीत आहे, त्याला ते झंडी म्हणतात, मारुतीची पूजा असेल तर लाल. जुना झेंडा विरून फाटेपर्यंत तिथेच राहतो. चौदा हजार किलोमीटरवर ते झेंडे बघून आम्ही सगळेच गप्प झालो होतो.

इथं जरा थांबून थोडा इतिहास सांगते, कारण तो माहीत नसेल तर तिथे जाऊन तुम्ही फक्त समुद्र बघून परत याल. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडायला लागली म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. फातेल रझाक नावाचं पहिलं जहाज ३० मे १८४५ ला पोचलं, त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं. १९१७ पर्यंत हे चाललं, सगळे मिळून एक लाख चाळीस हजारांच्या वर गेले, बहुतेक जण आत्ताच्या यूपी-बिहारकडचे. पाच वर्षांचं ॲग्रीमेंट, त्याचंच गिरमिट झालं. आपण सोलापूर जिल्ह्यातले लोक, साखर कारखाने बघत मोठे झालो, ऊसतोडीच्या टोळ्या, पालं, उचल घेऊन आलेली नवरा-बायकोची जोडी हे आपल्याला पुस्तकातून शिकायला लागत नाही. तेच डोळ्यापुढे आणा, फक्त हंगाम संपल्यावर गावाकडे जायची गाडी नाही, मध्ये तीन महिन्यांचा समुद्र आहे. आज देशात साधारण ३५ टक्के लोक त्यांच्या वंशातले आहेत आणि ३० मे ला तिथे इंडियन अरायव्हल डेची सुट्टी असते.

म्हणून माझा सगळ्यात मोठा सल्ला हा की तिथल्या माणसांची परीक्षा घेऊ नका. आपल्याकडचे पर्यटक भेटले आम्हाला एका मंदिरात, ते पुजाऱ्याला विचारत होते तुम्हाला हिंदी कसं येत नाही, तुमची जात कुठली, हे स्तोत्र असं नसतं हो असं असतं. मला फार वाईट वाटलं ते ऐकून. पावणेदोनशे वर्षं आपलं काहीही हाताशी नसताना ज्यांनी तवा, लोटा, बेलना, पूजा, लग्नाची गाणी सांभाळली त्यांना आपण काय शिकवणार. घरात आता इंग्लिशच बोलतात, त्यांची स्वतःची वेगळी इंग्लिश. आणि अहो सोलापूरच्या माणसाला तर हे सगळ्यात लवकर कळायला पाहिजे, आपल्या पूर्व भागातली पद्मशाली मंडळी कित्येक पिढ्यांपूर्वी मागावर काम करायला तेलंगणातून आली, त्यांची तेलुगू वेगळी झाली, आपल्या मराठीत कन्नड शिरलं, आपण कुणाला म्हणतो का तुझं खरं नाही म्हणून? तिथे जाऊन ऐका, विचारायचंच असेल तर "तुमच्या घरात आजा-आजी काय सांगायचे" एवढं विचारा, माणसं भरभरून बोलतात.

हे आजीचं मुद्दाम सांगायचंय. दक्षिणेला डेबे नावाचं गाव आहे, तिथे रस्त्याला ओळीने तळणाचे स्टॉल. लेकीने सासूबाईंना हाक मारली, "आजी, हे बघ काय!" तर झारा हातात धरलेली स्टॉलवरची बाई एकदम थांबली, कढईत फुलौरी, म्हणजे त्यांची भजी, तशीच. म्हणाली, "ऑल यू सेइंग आजी टू?" म्हणजे तुम्हीपण आजी म्हणता? त्यांच्याकडे वडिलांच्या आईला आजी आणि आजोबांना आजा म्हणतात, आईच्या आईला नानी. काका-काकी, मामू-मामी, मौसी सगळं तसंच. तिला वाटायचं की हा शब्द फक्त त्यांच्याकडेच उरलाय. तिने झारा खाली ठेवला, हात पुसले आणि सासूबाईंचे दोन्ही हात धरून "आजी, आजी" एवढंच म्हणत राहिली. सासूबाईंना इंग्लिश येत नाही, त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पैसे घेतलेच नाहीत तिने.

त्याच स्टॉलवर साहीना खा. अळूच्या पानांना वाटलेल्या डाळीचं पीठ लावून गुंडाळून कापून तळतात, बघितलं की ओळखाल, आपली अळूवडीच, फक्त गूळ-चिंच आत नाही, वरून चटणी. अळूला तिथे दशीन म्हणतात आणि त्याच्या पालेभाजीला चक्क भाजी. जिऱ्याला गीरा. भाजलेल्या वांग्याचं भरीत म्हणजे बैगन चोका, टोमॅटोचाही चोका करतात, सकाळी गरम रोटीबरोबर. डबल्स तर रोजच खा, हळदीच्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना तिथे "बारा" म्हणतात, आणि त्यावर छोल्याची पातळ भाजी, कागदात गुंडाळून देतात, उभ्यानेच खायचं, सकाळी लवकर गेलं तर ताजं मिळतं. तिखट किती ते विचारतात, पहिल्या दिवशी "स्लाइट" म्हणा. आपण शेंगाचटणी आणि ठेच्यावर वाढलेलो असलो तरी ती मिरची वेगळी आहे, तिथल्या मोरुगा गावची स्कॉर्पियन मिरची २०१२ मध्ये जगातली सगळ्यात तिखट ठरली होती, तिचा जाळ जिभेवर नाही, घशात उतरतो आणि थांबतो. बस्सप शट नावाचा पराठा मिळतो, तव्यावर चुरगळून फाटक्या शर्टासारखा करतात, नावही त्यावरूनच.

शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा, कॅललू म्हणून हिरवी घट्ट भाजी मिळते, दिसायला आपल्या पातळभाजीसारखी, पण तिच्यात बरेचदा खेकडा किंवा डुकराचं खारवलेलं मांस असतं. विचारूनच घ्या. डबल्स, साहीना, चोका बिनधास्त.

बघायला काय, तर वॉटर्लूचं समुद्रातलं मंदिर पहिलं. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने १९४७ साली किनाऱ्यावर मंदिर बांधलं, जागा साखर कंपनीची निघाली, १९५२ मध्ये मंदिर पाडलं आणि त्यांना १४ दिवस तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर ते म्हणाले जमीन तुमची असेल, समुद्र तर कुणाचा नाही, आणि सायकलला बादल्या अडकवून दगड-माती आणून भरतीत टाकायला लागले. लाटा वाहून नेत, ते परत टाकत. एकट्याने, पंचवीसेक वर्षं. आत्ताचं पक्कं मंदिर १९९५ मधलं. आपल्याला तळ्यातल्या सिद्धेश्वराची सवय, त्यामुळे पाण्यातून जाणारी ती वाट सासूबाईंना ओळखीची वाटली, पण गोष्ट सांगितल्यावर त्या वाटेवर वाकून त्यांनी हात लावून नमस्कार केला. किनाऱ्यालगत स्मशान आहे, तिथे अंत्यविधी चालू असू शकतात, कॅमेरा खाली ठेवा. तिथून थोड्या अंतरावर कारापिचायमाला दत्तमंदिर आहे आणि ८५ फुटी मारुती. अक्कलकोट-गाणगापूरची वारी करणाऱ्यांनी तर जायलाच पाहिजे.

संध्याकाळी चारच्या सुमाराला करोनी दलदलीत बोटी सुटतात. डासांचं औषध लावा, फुल बाह्यांचे कपडे घाला. सूर्य खाली गेला की लालभडक आयबिस पक्षी थव्याने येऊन एका बेटावरच्या झाडांवर बसतात, हिरवं झाड बघता बघता उन्हाळ्यातल्या पळसासारखं होतं. बोलू नका त्या वेळी, इंजिन बंद केल्यावर पंखांचा आवाज ऐकू येतो.

ला ब्रेआचा पिच लेक म्हणजे नैसर्गिक डांबराचा तलाव, जवळपास १०० एकर, वरून चालता येतं पण काही जागा मऊ असतात म्हणून अधिकृत गाइड घेतल्याशिवाय पाय टाकू नका. जुने बूट न्या.

क्रिकेटवाल्यांनी पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल चुकवू नये. १९७१ मध्ये वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते इथेच, सरदेसाईंचे ११२, आणि पहिलीच टेस्ट खेळणाऱ्या गावसकरांचे ६५ आणि नाबाद ६७. पण आमचे मिस्टर तिथे उभे राहून आठवत होते पॉली उम्रीगरांना, ज्यांचं लहानपण आपल्या सोलापुरात गेलं. १९६२ ला याच मैदानावर ५६ आणि नाबाद १७२, वर एका डावात पाच विकेट, आणि तरी मॅच हरलो.

टोबॅगो विमानाने अर्ध्या तासाच्या आत, बोटीने चारेक तास. निळं पाणी हवं असेल तर तिकडे दोन दिवस काढा.

सुरक्षेचं स्पष्ट सांगते. पोर्ट ऑफ स्पेनच्या काही भागांत गुन्हे होतात, मधेमधे आणीबाणीही लागू झालीये, तेव्हा निघण्याआधी बातम्या बघा. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, सोन्याचे दागिने घरी ठेवा, मंगळसूत्र पोतीचं घाला. टॅक्सीच्या नंबरप्लेटचं पहिलं अक्षर एच असेल तरच बसा. लष्करी ठिपक्यांचे कपडे तिथे सामान्य माणसाला कायद्याने बंद आहेत, लहान मुलाची टोपी-बॅग पण बघून घ्या. वीज ११५ व्होल्ट आणि पिन अमेरिकन, मोबाईलचा चार्जर ॲडॅप्टरने चालतो पण आपली किटली, इस्त्री नेऊ नका.

भेट द्यायला सोलापुरी चादर न्या. डबलची जड होते, सिंगल न्या, बॅगेत चार बसतात. शेवटच्या दिवशी आम्ही परत डेबेला गेलो, मोराची चादर घेऊन. त्या बाईने ती उलगडून दोन्ही बाजूंनी बघितली, दोन्हीकडून सारखीच नक्षी कशी म्हणून विचारलं, आणि स्टॉलच्या मागून कुचेलाची बाटली आणून दिली, किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. ती बाटली चेक-इन बॅगेत घाला, हातातल्या सामानात विमानतळावर काढून घेतात. पिवळं कार्ड मात्र हातातच ठेवा.