टी-34 आणि पँथर: तुलना कशी करायची

दुसऱ्या महायुद्धातले हे दोन रणगाडे: टी-34 सोव्हिएत, पँथर जर्मन. नुसती चिलखताची जाडी लिहून घेऊ नका, कोनही लिहा. टी-34 चं पुढचं चिलखत 45 मिमी, पण उभ्या रेषेपासून 60 अंश कललेलं. जाडीला कोनाच्या कोसाइनने (इथे 0.5) भागा: आडव्या येणाऱ्या गोळ्याला 90 मिमी भेदावं लागतं. पँथरचं 80 मिमी, 55 अंश, म्हणजे जवळजवळ 140. इथे नवखे हमखास चुकतात आणि हाच कोन आडव्या रेषेपासून मोजतात.

मग बाजू बघा. पँथरची कड जेमतेम 40 मिमी. म्हणून सोव्हिएत रणगाडेवाल्यांचा डाव समोरून भिडण्याचा नसे, तर आडोशाने जवळ जाऊन कुशीत मारण्याचा.

आता टरेटमध्ये, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागात, माणसं मोजा. माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. 1941च्या टी-34 मध्ये दोनच. कमांडरच नेम धरायचा, मग मैदानावर नजर कोण ठेवणार? रेडिओ बहुतेक पथकप्रमुखांकडेच, बाकीचे झेंडे बघत पुढे सरकायचे. जर्मन पँझर-3 मध्ये टरेटमध्ये तिघे, आणि रेडिओही. तोफ दुबळी असूनही पहिला गोळा अनेकदा तेच टाकत. टी-34-85 ने 1944 मध्ये तिसरा माणूस आणला.

शेवटी वजन आणि गिअर. पँथर सुमारे 45 टनांचा, त्याची चाकाकडची शेवटची गिअरजोडी मात्र नाजूक. जुलै 1943 मध्ये रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत उतरवलेल्या सुमारे 200 पँथरपैकी बरेच बिघाडानेच अडकले. जागेवर वळवताना तर दाते तुटण्याची भीती असायची.